अम सालहने एकदाच विचारले होते

स्फाक्स, गुरुवार, १४ मार्च २०२४

लमजद यास,

जुन्या खेळांच्या संकेतस्थळावर तू जो लेख छापून आणला आहेस, तो माझी नात फैरूज हिने मला कागदावर काढून दिला. तो मी दोनदा वाचला. पहिल्या वाचनात किळस आली. दुसऱ्या वाचनात ती नेमकी कशाकशाची आली, हे समासात लिहून ठेवले. समास पुरला नाही.

तू लिहितोस की, उन्हाळ्याचे दिवस होते आणि आपण तिघे बनियनवर घामाघूम होऊन खमीसच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात बसलो होतो. तो रमजान होता, आणि त्या वर्षी रमजान फेब्रुवारीत आला होता. पायांशी निखाऱ्यांची शेगडी होती. तिच्यावर तुझा पायमोजा जळला होता आणि इफ्तारपर्यंत दुकानात त्याचा वास होता. घाम कोणाला आला होता?

तू लिहितोस की, ते पडद्यावर खेळायचे यंत्र खमीसने हौसेने विकत घेतले. ते फॉस्फेटच्या जहाजावरच्या एका खलाशाने दुरुस्तीला टाकले होते, आणि जहाज सुटले तरी तो परत आला नाही. तू लिहितोस की, खेळ जपानी होता, आपल्या देशात तो कधी विकायला आलाच नाही आणि आपल्यापैकी कोणाला त्यातले एक अक्षर कळत नव्हते. हे बरोबर आहे. संपूर्ण लेखात बरोबर तेवढेच आहे.

आता मुख्य मुद्दा. 'आणि मग लोखंडी दारापाशी खमीसने म्हाताऱ्याला विकले.' हे तुझे वाक्य. खेळातला तो पांढऱ्या दाढीचा शिलेदार, ज्याला आपण चहावाल्या सालहच्या दाढीवरून 'अम सालह' म्हणत असू, आणि काका म्हणावे असाच तो होता, तो त्या दारापाशी थांबला. त्याने काहीतरी विचारले. पडद्यावर दोन उत्तरे शेजारी शेजारी उमटली. यंत्र खमीसच्या हातात होते. त्याने एक उत्तर दाबले. अम सालहने पाठ फिरवली आणि तो बर्फातून चालत दिसेनासा झाला. दार उघडले नाही. खेळ तिथेच अडकला तो कायमचा. इथवर खरे आहे, कारण मी तिथे होतो. 'विकले' हा शब्द मात्र तुझा आहे, आणि तो हीन आहे.

तुझा लेख खमीसच्या मुलीने त्याला वाचून दाखवला. तिचा हेतू चांगला होता. बापाचे नाव छापून आले, एवढेच तिने पाहिले. त्यानंतर तो लेख कॉफीहाउसात पोहोचला. परवा इफ्तारनंतर नूरी न्हावी सगळ्यांसमोर म्हणाला, "खमीस, आमचा म्हातारा घेतोस का? दात नाहीत, पण खातोही कमी!" चाळीस माणसे हसली. खमीस अर्धा कप तसाच ठेवून उठला, आणि तेव्हापासून तो तिथे आलेला नाही. त्याने दुकान विकले आहे. ईदनंतर तो मुलीकडे गाबेसला जाणार आहे. ज्या गल्लीने आयुष्यभर त्याच्याकडून रेडिओ दुरुस्त करून घेतले, तिच्यातून तो 'म्हातारा विकणारा' म्हणून जाईल, आणि हे तुझ्यामुळे.

म्हणून ईदपूर्वी तो शब्द तू जाहीररीत्या मागे घ्यावास आणि ईदेला येशील तेव्हा खमीसच्या दारी जावेस.

तू पाठवलेले हातात धरून खेळायचे यंत्र मिळाले. तुझ्या बहिणीने ते बटाट्यांच्या टोपलीवर ठेवले आहे. माझ्या मते ती जागा योग्य आहे.

तिजानी शाबूनी

(हे पत्र मी हातानेच लिहिले आहे. फैरूज त्याचे छायाचित्र काढून तुझ्या फोनवर पाठवेल. शाई कागदावर दिसावी तशी पडद्यावर दिसत नाही, याची मला कल्पना आहे.)


मार्सेय, १८ मार्च

सी तिजानी,

रमजान मुबारक! तुम्ही म्हणाला नाहीत, म्हणून मीच म्हणतो. दिवसभर सिगारेट नसली की तुमचं व्याकरण आणखी कडक होतं, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे. ताई कशी सहन करते?

फेब्रुवारी तर फेब्रुवारी. पायमोजा जळला, तेही कबूल. पण विकलं ते विकलंच.

तुम्ही सरकारी शाळेतले मास्तर होतात, पगार चालू होता. मी कोण होतो? तिशीतला बेकार मेव्हणा. खमीस म्हणाला होता, ईदनंतर दुकानात निम्म्याचा भागीदार हो. मी तर पाटीचा रंगसुद्धा ठरवला होता, वर त्याचं नाव, खाली माझं. आणि त्या दिवशी माझ्या डोळ्यांदेखत त्याने त्या म्हाताऱ्याला हाकललं. ज्याने आपल्याला अख्ख्या खेळात सांभाळलं, त्याला! जरा थांबला असता, आपल्याकडे बघितलं असतं, तरी मी काही बोललो नसतो. पण नाही. खट्! मी ओरडलो, "काय केलंस रे?" तर म्हणतो, "दार उघडायला नको?"

त्या 'खट्'मध्ये मला माझं पुढचं सगळं दिसलं, सी तिजानी. धंदा जरा बसला की मीही असाच बर्फात.

तुम्हाला वाटतं मी एका खेळण्यावरून एकोणतीस वर्षं धुसफुसतोय. वाटू दे.

ते यंत्र बटाट्यांवरून उचला. माझ्या अनीसने त्यात तोच खेळ घातलाय आणि, बसला असाल तर सांगतो, अरबीत! आपल्याच काही हौशी पोरांनी फुकटात भाषांतर केलंय. मी काही खेळलेलो नाही, मला बघवणार नाही. तुम्ही खेळा. दारापाशी जा, तो काय विचारतो ते वाचा, आणि मग मला सांगा कोण हीन ते.

मी ८ एप्रिलला पोचतोय. तुमच्याकडेच उतरणार. पण खमीसच्या गल्लीतून जाणार नाही. मासळीबाजाराला वळसा घालीन.

लमजद


स्फाक्स, मंगळवार, २६ मार्च २०२४

लमजद यास,

मी खेळतो आहे. हे वाक्य वयाच्या शहात्तराव्या वर्षी लिहावे लागत आहे, याची तू नोंद घे.

प्रथम भाषांतराविषयी. पहिल्याच राजवाड्यात राजा आपल्या मुलीशी ज्या भाषेत बोलतो, त्या भाषेत स्फाक्सच्या बंदरावर कोणी हमालाशीही बोलणार नाही. कर्ता एका वाक्यात आणि क्रियापद तिसऱ्यात. मी दुरुस्त्यांची यादी करण्यास आरंभ केला असून ती अनुवादकांना पाठवीन. त्यांनी सोबत एक लांबलचक निवेदन जोडले आहे. ते फैरूज सवडीने छापून देणार आहे. यंत्रावर प्रस्तावना वाचण्याइतका मी अजून घसरलेलो नाही.

आता खेळाविषयी. हा नायक वाटेल त्याच्या घरात न विचारता शिरतो, घरच्यांच्या देखत माठ फोडतो, कपाटे उचकतो, सापडेल ते खिशात घालतो, आणि घरधनीण त्याला सांगते की, आज हवा फार छान पडली आहे. १९९५ साली आपण हेच करत होतो; पण तेव्हा भाषा कळत नसल्यामुळे मी असे समजत होतो की, ती बाई आपल्याला 'घ्या, घ्या, तुमचेच आहे' म्हणत असावी. मी यंदा पहिल्या गावातल्या एकाही घरातून काहीही उचलले नाही. परिणामी वेशीबाहेर मला एका कोल्ह्याने ठार मारले.

"आजोबा, चोरी केल्याशिवाय पुढे जाताच येत नाही," फैरूज म्हणाली. रमजानमध्ये, माझ्या घरात, माझ्या नातीच्या तोंडी हे वाक्य!

तुझी बहीण तर रोज दुपारी दारात उभी राहून तमाशा पाहते. काल म्हणाली, "शाळेत पोरांच्या हातातली असलीच यंत्रं हिसकावून घेत होतात ना? आता बघा कसे चिकटलात!"

"मी अभ्यास करतो आहे, झुबैदा."

"करा, करा. पण मघाशी अभ्यासात 'मर मेल्या' कुणाला म्हणालात?"

"वटवाघळाला."

"बरं झालं. मला वाटलं, लमजदला."

एक गोष्ट मात्र मला खटकते. तुला आठवत असेल, त्या खेळातली माणसे फार आग्रही होती. कोणीही काही विचारले आणि आपण उत्तर दाबले की तो पुन्हा विचारी, तिसऱ्यांदा विचारी, आणि मग वस्तू जवळजवळ आपल्या हातात कोंबी. खमीस म्हणत असे, "बघा, ही माणसं आपल्यासारखीच. पाहुण्यानं तीनदा नको म्हटल्याशिवाय यांनाही चैन पडत नाही." आपल्याला तो देश त्यामुळेच आवडला होता. आता अरबीत प्रत्येक जण एकदाच विचारतो, आपण 'हो' म्हणतो, आणि तो गप्प होतो. माझा तर्क असा की, अनुवादकांनी आळसाने ते सर्व आग्रह गाळले आहेत. भाषांतरात माणसाची आतिथ्यशीलताच गाळावी, याहून किळसवाणा आळस मी पाहिलेला नाही.

खमीस मला शुक्रवारी मशिदीबाहेर दिसला. मला पाहून तो चपला शोधू लागला. चपला त्याच्या पायांतच होत्या.

दार अजून दूर आहे. तुझा लेख अजून जसाच्या तसा आहे. दोन्हींवर माझे लक्ष आहे.

तिजानी


मार्सेय, २९ मार्च

सी तिजानी,

वटवाघळाची गोष्ट अनीसला वाचून दाखवली, तो खुर्चीवरून पडला. कोल्हा दिसला की पळायचं असतं, लढायचं नसतं; एवढं तरी आठवायला हवं होतं. तेव्हाही तुम्ही प्रत्येक कोल्ह्याशी तत्त्वासाठी लढायचात आणि खमीस तुमच्या हातातून यंत्र काढून घ्यायचा.

लेखाचं नंतर बघू. दारापाशी पोचलात की लगेच कळवा. अम सालह काय विचारतो तेवढंच सांगा, पुढचं मागचं काही नको.

चपला शोधत होता म्हणता? दाढी पांढरी झाली का त्याची? नुसतं विचारतोय.

लमजद


स्फाक्स, बुधवार, ३ एप्रिल २०२४

लमजद यास,

हे पत्र तू उभ्याने वाचू नयेस.

दारापाशी मी काल पोहोचलो. अम सालह थांबला आणि त्याने विचारले. त्याचे शब्द, अनुवादकांची एक चूक दुरुस्त करून, असे आहेत: 'मी आता म्हातारा झालो आहे. तरीही तुमच्याबरोबर येऊ का?' खाली दोन उत्तरे होती. उजवीकडे 'हो', डावीकडे 'नाही'. मी 'हो' दाबले. तो आला, आणि दार उघडले.

यावरून तू घाईने असा निष्कर्ष काढशील की, तुझेच खरे. खमीसने 'नाही' दाबले होते. क्षणभर मीही तेच समजलो आणि मला इतकी विषण्णता आली की मी यंत्र बटाट्यांवर नेऊन ठेवले. मग वेळ जावा म्हणून फैरूजने छापून आणलेले अनुवादकांचे निवेदन वाचायला घेतले. अशी निवेदने मी वाचतो. तू आयुष्यात एकही वाचले नाहीस.

त्यात सातव्या परिच्छेदात लिहिले आहे: 'मूळ जपानी खेळात प्रत्येक प्रश्नाखाली डावीकडे "हो" आणि उजवीकडे "नाही" असे. आपण उजवीकडून वाचतो, म्हणून आम्ही या दोन्हींच्या जागा बदलल्या आहेत.'

समजले? आपण १९९५ साली त्या खेळात सुरुवातीपासून उजवीकडचे उत्तर 'हो' समजून दाबत होतो. ते 'नाही' होते. रडणाऱ्या बाईने विचारले, 'माझ्या मुलाला शोधाल का?' आपण म्हणालो, नाही. तिने पुन्हा विचारले. नाही. तिसऱ्यांदाही नाही; तेव्हा बिचारीने मुलाचे चित्र आपल्या हातात कोंबले. खानावळवाल्याने विचारले, 'जेवणार का?' नाही, नाही, नाही. तीन सभ्य माणसे अख्ख्या राज्यात सर्वांना नकार देत हिंडली, आणि संध्याकाळी परस्परांना सांगत राहिली की, या लोकांचा आग्रह किती मोठा! अनुवादकांनी काहीही गाळलेले नाही. आतिथ्य त्यांचे होते. उद्धटपणा आपला होता. मला तिघांचीही किळस आली, आणि त्या तिघांत मी आहे.

यंत्रातला बाण आधी डावीकडच्या उत्तरावर येऊन थांबत असे, हे तुला आठवते का? तू तेव्हा आम्हाला समजावले होतेस की, यंत्र आधी 'नको' पुढे करते, सभ्य पाहुण्यासारखे. आपण ते ओलांडून 'हो'कडे जायचे.

होय, तूच. तो नियम खमीसचा नव्हता. रमजानचा पहिला शुक्रवार होता. बंदरावर एका जपानी जहाजाचा स्वयंपाकी मासिक वाचत बसला होता. त्याने ते आपल्या पुस्तकांप्रमाणे मागच्या बाजूने उघडले, हे तू पाहिलेस आणि धावत दुकानात आलास. "यांचंही आपल्यासारखंच, उजवीकडून!" असे तू जाहीर केलेस. खमीसचा अंगठा तेव्हा डावीकडे निघाला होता. तू त्याच्या मनगटावर चापट मारलीस आणि म्हणालास, "उजवीकडून, गाढवा!" त्या दिवसापासून त्याने कधी डावीकडे दाबले नाही.

सगळ्यांनी तीन-तीनदा विचारले. अम सालहने एकदाच विचारले होते.

मी तसाच उठून खमीसच्या दुकानात गेलो. फळ्या रिकाम्या झाल्या आहेत. तो जुने स्पीकर पोत्यात भरत होता. मी त्याला प्रश्न वाचून दाखवला.

"एवढंच विचारलं होतं त्यानं? बरोबर येऊ का?"

"एवढेच."

"आणि मी नाही म्हणालो."

"तू 'हो' म्हणालास, खमीस. यंत्राने 'नाही' ऐकले."

तो पोत्याचे तोंड बांधू लागला. नंतर म्हणाला, "लमजदला हे ठाऊक आहे?"

"आज कळवतो."

"राहू द्या, सी तिजानी. आता काय! ईदेला मी गेलो होतो त्याच्याकडे. तेव्हाच्या ईदेला. विचारलं, 'उद्यापासून दुकानात येणार ना?' तो म्हणाला, 'नको.'"

"मग?"

"मग काय? परत आलो."

"पुन्हा का विचारले नाहीस?"

"कुठल्या तोंडानं? मला वाटलं, म्हाताऱ्याला घालवलं मी. माणूस माझ्याबरोबर यायला भिणारच की."

लमजद, या माणसाने एकोणतीस वर्षे तुझा शब्द खरा मानला. 'विकले' हा तू गेल्या महिन्यात छापलास. त्याने तो तेव्हापासून मनात बाळगला होता.

दाराच्या आत काय आहे, हे तू विचारले नाहीस, तरी सांगतो. आत बाजार आहे. कांदे महाग आहेत. अम सालह चालताना मागे पडतो, लढाईत त्याचा नेम चुकतो, आणि प्रत्येक मुक्कामाला गुडघ्यांविषयी कुरकुर करतो. मी त्याला सोडलेले नाही.

तुला मी पुन्हा विचारणार नाही. ईदेला खमीसच्या दारी जाशील का?

तिजानी


मार्सेय, ६ एप्रिल

सी तिजानी,

बसूनच वाचलं. मग उठलो, माळा उपसला आणि त्या खेळाची जुनी कॅसेट काढली. हो, माझ्याकडेच आहे. निघताना मीच दुकानातून उचलली होती. खमीसला पुन्हा कुणाला हाकलता येऊ नये म्हणून, असं मी तेव्हा ताईला सांगितलं होतं. अनीसने कुठून तरी जुनं मशीन आणलं. आपली जुनी वाटचाल पुसली गेलीये, आतली बॅटरी कधीच मेली असणार. म्हणून पहिल्यापासून सुरू केलं.

तुम्हाला आठवतं ना, अगदी पहिल्या पडद्यावर आई त्या पोराला उठवते आणि काहीतरी विचारते? अनीस म्हणाला, अरबीत ते 'नीट झोप लागली का?' असं आहे. दोन उत्तरं आली. मी इथे एकोणतीस वर्षं राहतोय, सी तिजानी. डावीकडून वाचतो, डावीकडून लिहितो, स्वप्नंसुद्धा फ्रेंचमध्ये पडतात. आणि माझा अंगठा उजवीकडे गेला. खट्! एका क्षणाचाही विचार नाही.

अनीस विचारत होता, "बाबा, काय झालं?" मी म्हटलं, धूळ गेली डोळ्यांत, माळ्यावरची.

आता ते दुसरं. तो ईदेला आला होता, ते खरं. आणि मी नको म्हणालो, तेही खरं. पण सी तिजानी, आपल्याकडे पहिल्या विचारण्याला 'हो' म्हणतं का कुणी? ताटात मासा वाढतानासुद्धा आपण तीनदा हात आडवा घालतो! मी चिडलो होतो, म्हणून नको म्हणालो, पण तो दुसऱ्यांदा विचारील म्हणून दारातच उभा राहिलो. तो वळला आणि गेला. मला वाटलं, बघा, इथेही खट्! पुढे मे महिन्यापर्यंत मी रोज वाट बघितली. मग बोटीचं तिकीट काढलं.

लेख उतरवलाय. नवीन लिहीन, पण आधी येतो.

तो दार उघडेल का हो? तुम्ही बरोबर चला. तुम्ही काही बोलू नका फक्त. तुमच्या तोंडून एक जरी दुरुस्ती निघाली, तर मी तिथूनच परत फिरेन.

लमजद


स्फाक्स, शनिवार, २० एप्रिल २०२४

लमजद यास,

तुझा नवा लेख फैरूजने आणून दिला. 'विकले' हा शब्द त्यात नाही, आणि नियम कोणाचा होता, हे तू स्वच्छ लिहिले आहेस. एवढ्याबद्दल तुला शाबासकी. नूरी न्हाव्याने तो कॉफीहाउसात मोठ्याने वाचला. मी त्याला वाचायला लावला. वाचून झाल्यावर कोणी हसले नाही. नूरीने खमीसच्या नावाची कॉफी मागवली आणि त्याच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवली. ती वाया गेली, कारण खमीस परवाच गाबेसला गेला. कॉफीहाउसातल्यांना या गोष्टी नेहमी दोन दिवस उशिरा सुचतात, आणि मला त्याचीही किळस येते.

जाताना त्याने हातात धरायचे ते यंत्र माझ्याकडून मागून नेले. मी आढेवेढे घेतले नाहीत. माझा अभ्यास संपला होता. काल त्याचा फोन आला होता. दार उघडून तो बाजारात पोहोचला आहे आणि अम सालहच्या गुडघ्यांसाठी तेल शोधतो आहे. ते कुठेही मिळत नाही, असे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "बघतो."

परंतु तुझ्या नव्या लेखातही सत्य सैल आहे. तू लिहितोस की, ईदेच्या सकाळी तू खमीसच्या दारात उभा राहून मन मोकळे केलेस, भावपूर्ण शब्दांत क्षमा मागितलीस, आणि खमीसने तुला वारंवार आग्रह करून आत नेले. मी तुझ्यामागे तीन पावलांवर मिठाईचा डबा धरून उभा होतो. तुझ्या अटीप्रमाणे गप्प होतो. तू एक अक्षरही बोलला नाहीस. खमीसच्या हाताला ईदेच्या कांदा-मनुकांच्या शर्मूलाचा मसाला लागला होता, आतून खारवलेल्या माशाचा वास येत होता. त्याने तुझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "आत येतोस?"

त्याने वारंवार विचारले नाही. एकदाच विचारले. त्याचे वाक्य पुरे होण्याआधी तू 'हो' म्हणालास, आणि उंबरठा ओलांडताना डावा पाय आधी टाकलास. चांगल्या घरात उजवे पाऊल आधी टाकतात, हे तुझ्या बहिणीने तुला लहानपणी शिकवले आहे. एरवी ही असभ्यता मी जागच्या जागी दुरुस्त केली असती. त्या वेळी का केली नाही, हे सांगण्यास मी बांधील नाही.

तारखांत तू नेहमीप्रमाणे गोंधळ घातला आहेस. खालील तपशील लेखाखाली, एकही अक्षर न बदलता, छापावा.

यंत्र दुकानात आले: नोव्हेंबर १९९४. लेखात '१९९३चा उन्हाळा' आहे, तो खोडावा.

'उजवीकडून' हा नियम लमजदने घालून दिला: शुक्रवार, ३ फेब्रुवारी १९९५. लेखात 'एके दिवशी' आहे. दिवस ठाऊक असताना 'एके दिवशी' लिहू नये.

अम सालहने विचारले: मंगळवार, २१ फेब्रुवारी १९९५, इफ्तारपूर्वी. लेखात 'मध्यरात्र' आहे. मध्यरात्री आपण तिघेही घरी झोपलो होतो.

लमजद मार्सेयला गेला: मे १९९५. लेखात 'दुसऱ्याच दिवशी' आहे. दुसऱ्या दिवशी तो माझ्या घरी होता, आणि पुढेही पुष्कळ दिवस होता.

खेळ अरबीत खेळण्यास आरंभ: मार्च २०२४. खेळणारा: तिजानी शाबूनी. लेखात 'माझ्या मेहुण्यांनी गंमत म्हणून' असे आहे. गंमत म्हणून नव्हे.

खमीसने पहिल्यांदा विचारले: ईदचा दिवस, मार्च १९९५.

खमीसने दुसऱ्यांदा विचारले: ईदचा दिवस, बुधवार, १० एप्रिल २०२४.